पेगन श्रद्धा घरी, शेजारी, ऑफिसात सांगावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेगन म्हणजे युरोपातल्या जुन्या देवतांना आणि निसर्गाला मानणारे. विक्का (चंद्र आणि ऋतू पाळणारा आधुनिक पंथ), ड्रुइड परंपरा (ब्रिटन-आयर्लंडकडची निसर्गपूजा), नॉर्स म्हणजे उत्तर युरोपातल्या किंवा ग्रीक देवतांची उपासना, किंवा कुठलंच नाव न लावलेली निसर्गपूजा: यांपैकी काही मानणाऱ्या आणि ठाण्यात किंवा नवी मुंबईत मराठी घरात राहणाऱ्या माणसांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. घोडबंदरहून, कळव्याहून, कोपरखैरण्याहून, खारघरहून लोक मला विचारतात ते थोड्याफार फरकाने हेच असतं. सांगू का, कुणाला सांगू, कधी सांगू. माझं मत आधीच सांगून टाकते. तुमच्या श्रद्धेमुळे ज्याच्या आयुष्यात काही बदलणार आहे, त्याला ती तुमच्याच तोंडून कळली पाहिजे. बाकीच्यांना सांगायला तुम्ही बांधील नाही.

न सांगणं म्हणजे फसवणं नाही का?

नाही. आपल्याकडे पूजा ही बरीचशी ज्याची त्याची असते. कुलदैवत कुठलं, उपास कुठला, गुरू कोण, हे कुणी गळ्यात पाटी अडकवून सांगत नाही. तुम्ही पौर्णिमेला गच्चीत दहा मिनिटं शांत उभे राहता हे खालच्या मजल्यावरच्या काकूंना माहीत नसेल, तर त्यांची काहीही फसवणूक झालेली नाही.

कायदाही याच बाजूने आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. श्रद्धा निवडण्याचं आणि ती जगासमोर मांडण्याचं किंवा न मांडण्याचं स्वातंत्र्य कलम २५ मध्येच अंतर्भूत आहे, असं त्या निकालपत्रात म्हटलेलं आहे. त्याआधी २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने सरकार कुणालाही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही, असा निकाल दिला होता. तेव्हा गप्प राहिल्याची टोचणी लावून घेऊ नका.

फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी. ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याने सरळ विचारलं आणि तुम्ही धडधडीत नाही म्हणालात, किंवा आईच्या हातून एखादं व्रत घेतलंत आणि ते पाळायचं नाही हे आधीच ठरवलेलं होतं, तर ते खोटं आहे. तिथे बोलणं टाळू नये.

घरच्यांना पेगन म्हणजे काय हेच माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

जे करता त्यापासून करा. ‘मी ऋतू आणि चंद्र पाळते, निसर्गातल्या देवतांना मानते, कुणाचं वाईट चिंतत नाही.’ पहिल्या दिवशी इतकं पुरतं. वडीलधाऱ्यांना तत्त्वज्ञान नको असतं. त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: हे कुणा बाबाचं किंवा पैसे उकळणाऱ्या टोळीचं काम नाही ना, आणि आपलं पोर आपल्यापासून दूर जात नाहीये ना. या दोन्हींची उत्तरं आधी द्या. कुणी गुरू नाही, कुणी वर्गणी घेत नाही, दिवाळीला मी घरीच आहे.

‘विच’, म्हणजे चेटकीण, हा शब्द पहिल्या बैठकीत काढू नका. परदेशातले विक्कन तो अभिमानाने लावतात आणि त्यांच्या तिथे त्याला वेगळा अर्थ आला आहे. आपल्या राज्यात करणी, भानामती केल्याच्या संशयावरून माणसं मारली गेली आहेत. आजीच्या मनात त्या शब्दाने काय उभं राहील याचा विचार करा.

इतिहास विचारला तर खरा सांगा. आजची पेगन चळवळ नवी आहे. ब्रिटनमध्ये चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ साली रद्द झाला, १९५४ साली जेराल्ड गार्डनरने विक्काबद्दल उघडपणे पुस्तक लिहिलं, आणि तिथून ही वाट रुंद होत गेली. आइसलंडमध्ये जुन्या नॉर्स देवांच्या उपासकांची संस्था १९७२ साली उभी राहिली आणि १९७३ साली तिला सरकारी मान्यता मिळाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म पेगन आणि सुमारे १३,००० लोकांनी विक्का लिहिला. आपल्याकडे कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती गेली कित्येक वर्षं जाहीरपणे विक्काबद्दल बोलत आल्या आहेत. हे ऐकल्यावर ‘म्हणजे हे तुझ्याच डोक्यातून निघालेलं नाही तर’ असा एक दिलासा घरच्यांना मिळतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. मात्र ‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ वगैरे म्हणू नका. देव जुने आहेत, काही सणही जुने आहेत, पण आजची मांडणी विसाव्या शतकातली आहे. घरातला एखादा चौकस काका मोबाईलवर दोन मिनिटांत ते शोधून काढेल आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास ठेवणार नाही.

बोलण्यापेक्षा दाखवणं सोपं असतं, म्हणून एक गोष्ट आवर्जून सुचवते. मे महिन्याच्या मध्याला ठाण्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या पुढे गच्चीत स्टीलचा पेला उपडा ठेवा. आधी त्याच्या कडेला नखाएवढी सावली असते, ती सरकत सरकत पेल्याच्या बुडाखाली शिरते आणि काही क्षण उरतच नाही. वडिलांना, भाचरांना, सगळ्यांना वर बोलवा. जुलैच्या अखेरीस हे पुन्हा घडतं, पण तेव्हा बहुधा ढग असतात. सूर्याच्या या वाटचालीला मी सण मानते, इतकंच त्या वेळी म्हणायचं. पायाला चटके बसत असताना कुणाला त्यात वावगं काही वाटत नाही.

आई म्हणते, ‘मग आपण वेगळं काय करतो?’ याला काय उत्तर देऊ?

हे वाक्य हातचं घालवू नका. तुळशीपुढे दिवा, वटपौर्णिमा, नारळी पौर्णिमेला खाडीला वाहिलेला नारळ, आगरी-कोळ्यांची कार्ल्याची एकवीरा, जवळजवळ प्रत्येक जुन्या गावठाणातली गावदेवी. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऋतूंची आणि जागेची पूजा आजही चालू आहे. आई म्हणते त्यात तथ्य आहे आणि ती तुमच्यासाठी दार उघडून देते आहे. खुशाल आत जा.

पण तिच्या बोलण्यात तुमचं सगळं म्हणणं आलेलं नसतं, आणि ते कधीतरी पुढे येतं. तुम्ही ब्रिगिड या आयरिश देवीला किंवा हेकाटे या ग्रीक देवीला हाक मारता, किंवा सत्यनारायणाला जोडीने बसायला नको म्हणता, तेव्हा ‘तू तर म्हणाली होतीस सगळं एकच आहे’ हे ऐकावं लागतं. म्हणून मान हलवतानाच थोडी जागा ठेवा: ‘बरंचसं सारखं आहे, काही वेगळं आहे, ते हळूहळू सांगेन.’

दुसऱ्यांच्या देवांवर आपलं नाव डकवू नका, हेही इथेच सांगते. येऊरच्या पाड्यांवरचे वारली वाघोबाला मानतात, कणसरी या धान्याच्या देवीला मानतात. ती त्यांची स्वतःची परंपरा आहे, तिला नाव आहे, माणसं आहेत. ‘आदिवासी म्हणजे आमच्यातलेच पेगन’ असं चारचौघांत म्हणणारे भेटतात, त्याने मला मनापासून वाईट वाटतं. नमस्कार करा आणि परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

शिवाय पेगन सणांचं युरोपातलं वर्षचक्र इथे जसंच्या तसं बसत नाही. १ ऑगस्टला तिकडे पहिल्या कापणीचा सण असतो, तेव्हा आपल्याकडे भातलावणी जेमतेम उरकलेली असते. २१ जूनला आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि तोही बहुतेकदा पावसात जातो. तुम्ही हे सण कसे जुळवून घेतलेत ते घरी सांगा. त्यावर गप्पा चांगल्या रंगतात आणि तुम्ही डोकं गहाण ठेवलेलं नाही हे घरच्यांना दिसतं.

सांगायच्या आधीच त्यांना कळलं तर?

बहुतेक घरांत असंच होतं. दोन खोल्यांच्या घरात किती लपणार? कपाटातले टॅरोचे (भविष्य पाहायचे) चित्रपत्ते, कुंडीतली राख, अवेळी पेटलेली मेणबत्ती, कुरिअरने आलेला सुक्या पानांचा पुडा. एकदा विचारणा झाली की ताकाला जाऊन भांडं लपवू नका. खरं, छोटं आणि शांतपणे सांगा, आणि ‘अजून विचारायचं असेल तर रविवारी निवांत बोलू’ म्हणून वेळ मागून घ्या. ही दोन वाक्यं आजच मराठीत तयार करून ठेवा. आपण हे सगळं वाचतो इंग्रजीत, आणि ऐन वेळी आईसमोर शब्दच सापडत नाहीत.

मी अजून शिकतोय, खर्च आई-बाबा करतात. सांगू का?

घर समंजस असेल तर सांगा. जरादेखील शंका असेल तर थांबा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे इथे अक्षरशः खरं आहे. फी, फोन, राहती जागा हे सगळं ज्यांच्या हातात आहे ते घाबरले तर काय करतील, याचा अंदाज घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मोठ्या वादात कुणी काय केलं होतं ते आठवा. ताईने प्रेमविवाह करते म्हणून सांगितल्यावर घर कसं वागलं? बरंचसं उत्तर त्यातच असतं. थांबणं हा श्रद्धेशी द्रोह नाही. मनातल्या मनात केलेली प्रार्थना कोणतीही देवता ऐकते, असं मी मानते.

दोन गोष्टींची मुलांना सगळ्यांत जास्त भीती वाटते, म्हणून त्या सविस्तर सांगते.

एक म्हणजे, ‘हिला बाहेरचं काही लागलंय’ म्हणून भगताकडे किंवा मांत्रिकाकडे नेणं. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणालाही मारहाण करणं, दोरीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, जोडे भिजवलेलं पाणी पाजणं हा महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि करणारे नातेवाईक असले म्हणून तो माफ होत नाही. अशा वेळी ११२ लावा. वय अठराच्या आत असेल तर १०९८.

दुसरी भीती म्हणजे, ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून डॉक्टरकडे नेणं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात कलम ३ मध्ये साफ लिहिलं आहे की समाजात रूढ असलेल्या धार्मिक समजुतींशी जुळत नाही एवढ्यावरून कुणाला मानसिक आजारी ठरवता येत नाही. चांगल्या डॉक्टरला हे माहीत असतं, त्यामुळे न्यायलाच लागले तर घाबरू नका, डॉक्टरशी एकट्याने बोलायची मागणी करा. पण मन खरोखरच खचलेलं असेल, झोप उडाली असेल, जिवाचं काही करून घ्यावंसं वाटत असेल, तर त्यावर मेणबत्ती आणि मंत्र हा उपाय नाही. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, फोन मोफत आहे.

जादूटोणाविरोधी कायद्यात मीच अडकेन का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्यं दिली आहेत: नरबळी, अघोरी उपचार, चमत्काराचा दावा करून लुबाडणं, अंगात शक्ती आल्याचं भासवून लोकांना भीती घालणं, अशी. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड ५,००० ते ५०,००० रुपये. घरातली प्रार्थना आणि कुणाला इजा न करणारी, कुणाला न ठकवणारी धार्मिक कृत्यं कायद्याने वगळली आहेत. तुम्ही चंद्राला नैवेद्य दाखवता, ऋतूचा सण करता, टॅरोचे पत्ते स्वतःपुरते पाहता, याने काही होत नाही.

उलट हाच कायदा तुमच्या बाजूनेही उभा राहतो. अमुक बाई करणी करते, भूत लावते, जादूटोण्याने गुरं आटवते असं सांगून तिची बदनामी करणं, तिच्याबद्दल संशय पसरवणं हे त्याच अनुसूचीत गुन्हा म्हणून घातलेलं आहे. तुमच्या पूजेची चाहूल लागली म्हणून कुणी चाळीत, सोसायटीत असं पसरवत असेल तर हे लक्षात ठेवा आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

सांभाळायचं ते पैशाच्या बाबतीत. नवरा परत आणण्याचे, शत्रूचा बंदोबस्त करण्याचे, नोकरी लावून देण्याचे ‘स्पेल’, म्हणजे मंत्र-तोडगे, विकणारे लोक इंस्टाग्रामवर आहेत. अलौकिक शक्तीचा दावा करून पैसे घेतले आणि माणूस फसला, तर कायदा लागू होतो आणि व्हायलाही हवा. त्यांच्यापासून लांब राहा. त्यांच्यामुळे प्रामाणिकपणे उपासना करणाऱ्यांना तोंड दाखवायला जागा उरत नाही.

आणि चौरस्त्याचं. हेकाटेला मानणारे अमावास्येच्या रात्री तिच्यासाठी तिठ्यावर जेवण ठेवतात. प्राचीन ग्रीकांचा हा विधी आहे, त्यात अंडी असतात, लसूण असतो, भाकरी असते. आता हेच माजिवड्याच्या किंवा दिघ्याच्या नाक्यावर अमावास्येला रात्री अकराला ठेवून पाहा. पाहणाऱ्याला तो उतारा वाटणार, अगदी शंभर टक्के. सकाळी कामावर निघालेली बाई तो ओलांडला गेला म्हणून दिवसभर धास्तावून राहील, तिचं लेकरू त्याच दिवशी तापलं तर ती स्वतःला दोष देईल. तिला ही भीती घालायचा आपल्याला काय हक्क आहे? ते जेवण घरातल्या दाराशी ठेवा आणि नंतर कुंडीत, कंपोस्टमध्ये विसर्जन करा, किंवा तेवढाच शिधा एखाद्या गरजूला द्या. देवीचं काही अडत नाही.

लग्न ठरतंय. कधी सांगावं?

साखरपुड्याच्या आधी, आणि त्या व्यक्तीला एकटीला. यात मी जराही सूट देत नाही. तुमच्या श्रद्धेमुळे ज्याच्या आयुष्यात बदल होणार, असं मी सुरुवातीला म्हटलं, त्यात जोडीदार सगळ्यांत पुढे आहे. कांदेपोह्यांच्या दिवशीच सांगायला हवं असं नाही, पण तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तलावपाळीला फेरी मारताना किंवा सीवूड्सला कॉफी पिताना हा विषय निघालाच पाहिजे. पत्रिका जुळली, हॉल बुक झाला, मग सांगितलं, तर समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक उरत नाही.

बोलताना रोजच्या गोष्टींवर बोला. मी पहाटे काय करते, घरात माझी मांडणी कुठे राहील, गौरी-गणपतीत मी कुठलं काम आनंदाने करीन आणि कुठल्या पूजेला बसणार नाही, कुलदैवताला जायचं का, मूल झालं तर बारसं कसं. मी ओळखते अशी एक मुलगी सासरी गौरी उत्साहाने सजवते, हळदीकुंकवाची वाणंही तीच आणते. फक्त नवऱ्याच्या वतीने संकल्प सोडायला नको म्हणते. नवऱ्याला हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं, त्यामुळे सासूबाई बोलल्या तेव्हा उत्तर त्याने दिलं. सासू-सासऱ्यांना किती सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवा, आणि पहिला शब्द त्यांच्या मुलानेच किंवा मुलीनेच काढावा.

कागदोपत्री: पेगन पद्धतीने हात बांधून केलेलं लग्न तेवढ्याने कायदेशीर होत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदणी करा, त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. मग समारंभ तुम्हाला हवा तसा. हिंदू विवाह कायद्याखाली करायचं असेल तरी सहसा अडचण येत नाही, कारण त्या कायद्याची व्याख्या रुंद आहे. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नसलेल्या इथल्या बहुतेक सगळ्यांना ती सामावून घेते. मात्र त्यात रूढ विधी, सप्तपदी वगैरे लागतात.

फॉर्मवर, जनगणनेत धर्म कुठला लिहू?

घाई करू नका. २०११ च्या जनगणनेत सहा धर्मांना कोड होते आणि बाकीच्यांनी धर्माचं नाव पूर्ण लिहायचं होतं. त्या ‘इतर’ गटात देशभरात सुमारे ७९ लाख लोक होते, त्यांत सर्वांत जास्त सरना हा आदिवासींचा निसर्गपूजक धर्म मानणारे. म्हणजे प्रगणकाला ‘पेगन’ लिहून घ्यायला सांगता येतं. पण दारात प्रगणक उभा असतो तेव्हा घरचे सगळे ऐकत असतात, हे ध्यानात ठेवा. घरी आधी बोलणं झालेलं नसेल तर ही बातमी फोडायची ती वेळ नव्हे.

राजपत्रात धर्मबदल जाहीर करायचा विचार असेल आणि तुम्ही अनुसूचित जातीचे असाल, तर आधी वकिलाला भेटा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. शीख १९५६ साली आणि बौद्ध १९९० साली त्यात आले. कागदावर दुसरा धर्म लिहिल्याने शिष्यवृत्ती, प्रवेश, नोकरी यांवर आणि तुमच्या मुलांवरही परिणाम होऊ शकतो. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. माझा सल्ला विचाराल तर श्रद्धेला सरकारी कागदाची गरज नाही.

ऑफिसात?

गरज नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कात असा नाहीतर महापे एमआयडीसीत, सणाला सुट्टी हवी तर साधी रजा टाका, कारण ‘घरगुती’. भेदभाव करायचा नाही हे घटनेचं बंधन, कलम १५ आणि १६, मुख्यतः सरकारवर आहे. खासगी कंपनीत धर्मावरून सापत्न वागणूक मिळाली तर दाद मागायचा मार्ग अरुंद आहे. डेस्कवर एखादा गुळगुळीत गोटा, रोपटं ठेवा, त्याबद्दल कुणी विचारत नाही. जवळच्या एखाद्या सहकाऱ्याला सांगावंसं वाटलं तर सांगा, पण बढतीच्या मोसमात नको आणि पार्टीत तर नकोच.

पेंटॅकल (वर्तुळातली पाचकोनी चांदणी) गळ्यात घालू का?

कपड्यांच्या आत घाला. ठाण्यात पाचकोनी चांदणी ओळखणारे कमी, आणि जे ओळखतात त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती भुताच्या सिनेमात पाहिलेली असते.

सोसायटीत, घरमालकाला कळलं तर घर सोडावं लागेल का?

भाडेकरूच्या पोलीस पडताळणीसाठी तुमची ओळख आणि पत्ता लागतो. तुम्ही कुणाची उपासना करता, हे घरमालकाला सांगायची गरज नाही. खरा वाद श्रद्धेवरून क्वचितच होतो. तो धुरावरून होतो. बंद बाल्कनीत लोबान आणि कापूर जाळला की वरच्या मजल्यावर दम्याचे आजोबा खोकतात, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो आणि तिसऱ्या मेसेजपर्यंत तुम्ही काळी जादू करणारे झालेले असता. धूर कमी करा, पितळेच्या ताटलीत पाणी घालून त्यात दिवा ठेवा, गच्चीची किल्ली वॉचमनकडून न मागता सेक्रेटरींना विचारून घ्या. कुणी विचारलंच तर ‘पौर्णिमेची पूजा आहे’ हे खरं उत्तर आहे आणि पुरेसंही आहे.

कुणी एकत्र येऊन तुम्हाला वाळीत टाकायचा प्रयत्न केला, म्हणजे पाणी, कार्यक्रम, संबंध तोडायला लोकांना भाग पाडलं, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो २०१६ चा आहे, २०१७ पासून लागू आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण पोलिसांत जाण्याआधी शेजारच्या एका समजूतदार घराशी बोला. इथे माणसं कागदापेक्षा ओळखीवर चालतात.

येऊरच्या जंगलात रात्री विधी करायला जाऊ नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं अंग आहे, बिबट्यांचा वावर आहे, जंगलात आग पेटवणं गुन्हा आहे. पाड्यावरच्या माणसांनी अंधारात मेणबत्त्या घेतलेलं टोळकं पाहिलं तर ते काय समजतील? पहाटे उपवन तलावाकाठी किंवा खारघरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी फिरायला जाता तेव्हा मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हणा.

सोशल मीडियावर लिहू का?

जे आत्याला, मॅनेजरला आणि भावी सासऱ्यांना एकाच दिवशी वाचून दाखवायची तयारी आहे, तेवढंच लिहा. टोपणनावाचं खातंही फोन नंबरवरून सुचवलं जातं, ते सेटिंग आधी बंद करा. दुसऱ्या धर्माच्या देवाची, ग्रंथाची टवाळी कधीही नको. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याला स्वतःच्या देवांसाठी जागा हवी त्याने दुसऱ्याची जागा राखावी.

मुलांना किती सांगायचं?

जितकं ती शाळेत न घाबरता सांगू शकतील तितकं. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘हे घरातच बोलायचं’ असं बजावलं की त्याला वाटतं घरात काही वाईट चाललंय. त्यापेक्षा त्याला करू द्या: पहिल्या पावसाला नमस्कार, बी पेरणं, आजोबांच्या फोटोपुढे पान वाढणं. साउइन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण ३१ ऑक्टोबरच्या सुमारास येतो, आपला पितृपंधरवडा त्याच्या थोडा आधी. दोन्हींची सांगड घातली तर मुलाला वेगळं काही लपवावं लागत नाही. आजी-आजोबांना मात्र अंधारात ठेवून नातवंडांना शिकवू नका. त्यांना ते नातवाच्या तोंडून कळलं तर फार लागतं.

सांगितलं, आणि आता घरात अबोला आहे. काय करू?

आपली रोजची कामं चालू ठेवा. बाबांच्या गोळ्या आणणं, आईला बँकेत नेणं, रविवारी एकत्र जेवणं. तुम्ही बदलून गेला नाहीत हे त्यांना तुमच्या वागण्यातून कळायला महिने लागतात, कधी वर्ष लागतं. या काळात नवी पुस्तकं, नव्या मूर्ती, नवे विधी घरात आणू नका. वाद उकरून काढू नका आणि ‘मी सोडून दिलं’ असंही सांगू नका, कारण ते पुढे टिकत नाही. घरात एक माणूस असा असतोच जो आधी निवळतो, बहुधा आजी किंवा धाकटा भाऊ. त्याला दूत बनवू नका, पण त्याच्याशी बोलत राहा.

मारहाण, कोंडून ठेवणं, फोन काढून घेणं असं काही होत असेल तर हा सल्ला लागू नाही. तिथे आधी सुरक्षित जागा गाठा. महिलांसाठी १८१ आहे.

इथे आपल्यासारखे आणखी कुणी भेटतील का?

भेटतात, हळूहळू. टॅरो, औषधी वनस्पती, पक्षीनिरीक्षण, ट्रेकिंग अशा गटांत विषय आपोआप निघतो. ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो पाहायला आलेल्यांत मला दोन जणी भेटल्या. ऑनलाइन ओळख झालेल्याला पहिल्यांदा दिवसा आणि गर्दीच्या जागी भेटा: ठाणे स्टेशनजवळचं हॉटेल, वाशीतला मॉल, गडकरी रंगायतनच्या समोरची तलावाची बाजू. घरचा पत्ता देऊ नका, एका मैत्रिणीला कुठे जाताय ते सांगून ठेवा. दीक्षेसाठी पैसे, कपडे उतरवणं, एकट्याने बंद खोलीत भेटणं किंवा ‘घरी काही सांगू नकोस’ अशी अट कुणी घातली की उठून निघा. आणि दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली श्रद्धा त्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला सांगू नका, अगदी आपल्या जोडीदारालाही नाही.